भिंतीवरचा भलामोठा पतंग: त्याला ओळखावं कसं आणि त्याला नाव मिळतं कसं

पावसाळा लागला की पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात एक फोटो हमखास फिरू लागतो. कारखान्याच्या गेटवरच्या दिव्याखाली, स्टेशनच्या भिंतीवर किंवा घराच्या ओट्यावर वीतभर पंख पसरून बसलेला तांबूस तपकिरी पतंग. फोटोखाली दोन प्रश्न असतात: हे काय आहे, आणि हे विषारी आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू. हा पतंग चावत नाही आणि डंखही मारत नाही. त्याला खाण्यापिण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना अंगात साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, की त्याचं आयुष्य संपलं. त्याला घाबरण्याचं किंवा मारण्याचं काहीच कारण नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सावकाश द्यावं लागतं. घाईत सांगितलेलं नाव बहुतेक वेळा अर्धवट असतं, काही वेळा साफ चुकीचंही असतं. म्हणून या लेखात आपण ओळखीची वाट एकेक टप्पा करत चालू. एखादा पतंग खरोखरच शास्त्राला नवा निघाला तर त्याला नाव कसं देतात, तेही शेवटी पाहू. पहिल्या काही टप्प्यांसाठी जीवशास्त्राचं शिक्षण लागत नाही. मोबाइल, मोजपट्टी आणि वही एवढं पुरतं.

पहिला टप्पा: हात न लावता फोटो

पतंगाच्या पंखांवर अतिशय बारीक खवले असतात. पंखांचा रंग आणि नक्षी या खवल्यांमुळेच दिसते. बोट लागलं की ते भुकटी होऊन निघतात आणि ओळखीचा पुरावाच पुसला जातो. त्यामुळे पतंग हातात धरायचा नाही, पंख ताणून पाहायचे नाहीत.

फोटो तीन तरी काढा. एक अगदी समोरून, चारही पंख पूर्ण दिसतील असा. दुसरा डोकं आणि मिशा जवळून दाखवणारा. तिसरा शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. पतंग काचेवर बसला असेल तर पलीकडून पंखांची खालची बाजूही टिपता येते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकच तिरपा फोटो. तिरप्या फोटोत पंखांची टोकं आणि मागच्या पंखांची कड नीट दिसत नाही, आणि नेमक्या त्याच खुणा पुढे लागतात. फ्लॅशमुळे रंग फिके पडतात. शक्य असेल तर सकाळच्या उजेडात एक फोटो पुन्हा काढा.

दुसरा टप्पा: वहीत चार ओळी

तारीख, वेळ, नेमकी जागा, दिव्याचा प्रकार आणि आसपासची झाडं, एवढं लगेच लिहून ठेवा. जागा लिहिताना ‘पालघर’ एवढ्यावर थांबू नका. पालघर हे शहर आहे, तालुका आहे आणि 1 ऑगस्ट 2014 पासून जिल्हाही आहे. तारापूरचा समुद्रकाठ, मनोरकडची जंगलं आणि जव्हार-मोखाड्याचं पठार या तिन्ही ठिकाणची झाडी वेगळी. म्हणून गाव, पाडा आणि जमलं तर मोबाइलमधले अक्षांश-रेखांशही लिहा.

नोंद झाली की जवळचा दिवा थोडा वेळ बंद करा. उजेडाभोवती घिरट्या घालण्यात पतंगाची ताकद संपते, आणि सकाळी तो कावळ्यांच्या सहज हाती लागतो. औद्योगिक वसाहतीत रात्रभर उजेड असतो. निदान घराबाहेरचा दिवा तरी आपल्या हातात आहे.

तिसरा टप्पा: कूळ ओळखणं

एकमेकांच्या जवळच्या अनेक प्रजातींच्या मोठ्या गटाला शास्त्रात कूळ म्हणतात. आपल्या भिंतीवरचा पतंग बहुधा सॅटर्निडी या कुळातला असतो. हे वन्य रेशीम-पतंगांचं कूळ. जगात त्याच्या तीन हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि सर्वांत जास्त मध्य व दक्षिण अमेरिकेत आहेत.

कुळाच्या खुणा चार. अंग जाड आणि केसाळ. मिशा पिसासारख्या किंवा कंगव्यासारख्या. बसताना पंख पसरलेले. आणि आपल्याकडच्या मोठ्या प्रजातींत प्रत्येक पंखावर एक ठळक चिन्ह, म्हणजे गोल डोळा किंवा आरपार दिसणारी पारदर्शक खिडकी.

गल्लत होते ती पुढच्या चौघांशी. पहिला घुबड-पतंग, शास्त्रीय नाव एरेबस. तो मोठा, काळपट तपकिरी असतो आणि पुढच्या पंखावर घुबडासारखा डोळा मिरवतो. पण त्याच्या मिशा साध्या दोऱ्यासारख्या असतात, आणि त्याला सोंड असते. पिकून आंबलेल्या फळांचा रस प्यायला तो येतो.

दुसरा हॉक मॉथ. त्याचे पुढचे पंख अरुंद आणि टोकदार असतात, बसल्यावर आकृती त्रिकोणी दिसते. तिसरा युप्टेरोटी हा पिवळसर, लोकरी पतंग. पंखांवर नागमोडी रेषा असतात, पण डोळाही नसतो आणि खिडकीही नसते.

चौथी गल्लत नावामुळे होते. तुतीच्या पानांवर पाळतात तो रेशमाचा किडा बॉम्बिक्स मोरी. तो वेगळ्या कुळातला. त्याचा पतंग लहान, पांढुरका असतो. हजारो वर्षांच्या पाळणुकीत त्याची उडण्याची क्षमता गेली आहे, म्हणून तो आपल्या दिव्यावर येणार नाही.

चौथा टप्पा: नर की मादी

आता मिशांचा फोटो मोठा करून पाहा. नराच्या मिशा रुंद आणि भरघोस असतात. रात्री मादी एक गंध हवेत सोडते. तो दूरवरून टिपण्यासाठी नराला एवढ्या मोठ्या मिशा लागतात. मादीच्या मिशा अरुंद, आणि पोट अंड्यांनी भरलेलं, जाड.

हा टप्पा गाळला तर नर आणि मादी म्हणजे दोन वेगळ्या प्रजाती असा समज होतो. विशेषतः टसर रेशमाच्या पतंगात नर तांबूस तपकिरी, तर मादी बहुधा पिवळट किंवा करडी आणि आकाराने मोठी असते. जुन्या काळी संग्रहालयांत बसून काम करणाऱ्या अभ्यासकांनीही एकाच प्रजातीच्या नर-मादीला दोन नावं दिल्याची उदाहरणं आहेत.

पाचवा टप्पा: पंखांवरच्या खुणा

आपल्या भागात या कुळातले तीन मोठे पतंग प्रामुख्याने लक्षात ठेवावे.

पहिला ॲटलास. चारही पंखांवर त्रिकोणी, पारदर्शक खिडक्या. पुढच्या पंखांची टोकं बाहेर वळलेली, आणि त्यावरची नक्षी सापाच्या डोक्यासारखी. पंखांचा विस्तार 20 सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकतो. जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांत याची गणना होते.

दुसरा चांद-पतंग, म्हणजे मून मॉथ, शास्त्रीय नाव ॲक्टियास सेलेने. फिकट पोपटी रंग, पुढच्या पंखाच्या कडेला लालसर पट्टी, प्रत्येक पंखावर लहान डोळा, आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या. याची गल्लत दुसऱ्या कोणाशी सहसा होत नाही. फक्त जुना झालेला पतंग शेपट्या तुटल्यामुळे फसवू शकतो.

तिसरा टसरचा पतंग, अँथेरिया. चारही पंखांवर गोल डोळे आणि प्रत्येक डोळ्याच्या मध्यभागी पारदर्शक गोल ठिपका. खिडकी त्रिकोणी असेल तर ॲटलास, गोल असेल तर टसर, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी ओळख झाली.

रंगावर फार विसंबू नका. टसरचे रंग एकाच भागात बरेच बदलतात आणि जुन्या पतंगाचे खवले झडून रंग उतरतो. खिडकीचा आकार, पंखाचं टोक आणि रेषांची जागा या खुणा अधिक भरवशाच्या.

सहावा टप्पा: ठिकाणाचा पुरावा

आता पुष्कळांची चूक होते ती जागा. त्रिकोणी खिडक्या पाहून आपण ‘अटॅकस ॲटलास’ लिहून मोकळे होतो. ही प्रजाती लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 मध्ये नोंदवली. भारतात ती हिमालयाच्या पायथ्याला आणि ईशान्येकडे सापडते.

दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला ॲटलास अभ्यासक वेगळा मानतात. त्याचं नाव अटॅकस टॅप्रोबॅनिस. फ्रेडरिक मूर या इंग्रज अभ्यासकाने 1880च्या दशकात श्रीलंकेतल्या नमुन्यावरून हे नाव दिलं. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचं प्राचीन ग्रीक नाव. सह्याद्रीच्या पट्ट्यातले, म्हणजे आपल्याकडचेही ॲटलास या नावाखाली मोजले जातात.

दोघांतला फरक फोटोवरून सांगणं अवघड आहे. म्हणून तर दुसऱ्या टप्प्यात जागा नीट लिहायला सांगितलं. फोटो कितीही सुंदर असला, तरी ठिकाण नसेल तर अभ्यासकाला ‘अटॅकस’ एवढ्यावरच थांबावं लागतं.

सातवा टप्पा: झाड, अळी आणि कोश

पतंग एका रात्रीत बराच उडतो. अळी मात्र जिथे वाढते त्या झाडाशी बांधलेली असते. म्हणून झाडावर सापडलेली अळी किंवा कोश हा दिव्यावरच्या पतंगापेक्षा भक्कम पुरावा.

टसरची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढते, बोरीवरही सापडते. कोश टणक, अंड्याच्या आकाराचा आणि लांब देठाने फांदीला टांगलेला. देठाच्या टोकाला फांदीभोवती घट्ट कडं असतं. पतंग बाहेर येताना एक पाचक द्रव सोडून कोशाचं टोक मऊ करतो आणि त्या भोकातून निघतो.

याच टसरवर विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली अनेक कुटुंबं उपजीविका करतात. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, पाखरांपासून राखायच्या आणि कोश गोळा करायचे, असं ते काम. त्या कुटुंबांना अळीचं वय, रोग आणि कोशाची प्रत नुसत्या नजरेने कळते.

चांद-पतंगाची अळी आपल्याकडे मोईच्या झाडावर वाढते. कोश पातळसर, पानांत गुंडाळलेला. ॲटलासची अळी अनेक झाडांवर जगते: दालचिनी, पेरू, लिंबाच्या जातीची झाडं. कोश तपकिरी, कागदासारखा, पानात लपेटून फांदीला बांधलेला.

झाडाचं नाव माहीत नसेल तर पान, साल आणि फळाचा फोटो घ्या, किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. जव्हार, विक्रमगड, डहाणूकडच्या वारली, कोकणा, कातकरी घरांतून झाडांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांनी सांगितलेलं झाडाचं स्थानिक नाव नोंदीत तसंच लिहा.

कोश घरी आणून फोडू नका. आतला पतंग पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने निपचित असतो. फोडलेल्या कोशातला जीव धोक्यात येतो.

आठवा टप्पा: नोंद द्या आणि तपासून घ्या

आता आपल्याकडे फोटो, ठिकाण, तारीख आणि शक्य असेल तर झाड आहे. ही नोंद आयनॅचरॅलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर टाकता येते. मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर भारतीय पतंगांचे फोटो प्रजातीनुसार लावलेले आहेत, तिथे आपला फोटो ताडून पाहता येतो. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात 2012 पासून ‘नॅशनल मॉथ वीक’ पाळला जातो. त्या दिवसांत नोंदी करणारे आणि तपासणारे दोघेही जास्त असतात.

इथली मोठी चूक म्हणजे मोबाइलने सुचवलेलं पहिलं नाव तसंच स्वीकारणं. फोटो ताडणारी यंत्रणा आकार आणि रंग पाहते. पोपटी चांद-पतंगाला ती ॲक्टियास लुना म्हणू शकते, पण लुना उत्तर अमेरिकेत राहतो. ॲटलासच्या अर्धवट फोटोला ‘रोथ्सचाइल्डिया’ असं नाव मिळालं, तर तो तर थेट अमेरिका खंडातला पतंग. सुचवलेली प्रजाती भारतात राहते का, हा प्रश्न दर वेळी विचारा.

रोथ्सचाइल्डियाशी होणारी गल्लत अगदीच निराधार नाही. लंडनजवळच्या ट्रिंग गावी प्रचंड संग्रह उभा करणाऱ्या वॉल्टर रोथ्सचाइल्ड यांच्यावरून 1896 मध्ये या प्रजातीगटाला, म्हणजे कुळातल्या जवळच्या प्रजातींच्या लहान गटाला, नाव मिळालं. त्याच्या पंखांवरही त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असतात. तो आणि आपला ॲटलास एकाच उपगटातले, खरोखरीचे नातलग आहेत. म्हणूनच ठिकाण लिहिल्याशिवाय ओळख पक्की होत नाही.

नववा टप्पा: दिसण्यावरून भागत नाही तेव्हा

आपल्याकडे तीन पतंगांत निवड करायची असते. दक्षिण अमेरिकेत एकाच जंगलात, एकाच दिव्यावर या कुळाच्या डझनावारी प्रजाती येतात, आणि कित्येक तर हुबेहूब एकसारख्या. ऑटोमेरिस या एका प्रजातीगटातच शंभराहून अधिक प्रजाती आहेत. क्लोद लमेर या फ्रेंच अभ्यासकाने अमेरिकेतल्या या कुळाची मांडणी करण्यात उभी हयात घालवली. त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला भाग 1978 मध्ये आला आणि शेवटचा 2002 मध्ये.

तिथे अचूक ओळखीवर माणसाचा जीवही अवलंबून असतो. ब्राझीलच्या दक्षिण भागात लोनोमिया ऑब्लिका या पतंगाची अळी झाडाच्या खोडावर घोळक्याने बसते. तिच्या काट्यांचा स्पर्श झाला की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि अंगात रक्तस्राव होतो. साओ पावलो इथली बुटांटान संस्था त्यावर प्रतिविष तयार करते. ते द्यायचं की नाही, हे ठरवताना अळी नेमकी कोणती होती हे कळणं फार मोलाचं ठरतं.

अशा सारख्या दिसणाऱ्या प्रजाती वेगळ्या करायला अभ्यासक दोन गोष्टी तपासतात. पहिली, पोटाच्या टोकाशी असलेले जननेंद्रियांचे कठीण भाग. मेलेल्या नमुन्याचं पोट कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावणात ठेवून मऊ भाग विरघळवतात, आणि उरलेला सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जवळच्या प्रजातींतही या भागांचा आकार बहुधा वेगळा असतो.

दुसरी गोष्ट डीएनए बारकोड. पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि इतर नमुन्यांशी ताडायचा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ही पद्धत मांडली. पतंगाच्या एका पायाएवढा नमुना त्यासाठी पुरतो.

इथेही सांभाळावं लागतं. बारकोडमधला फरक ही शंका घेण्याची जागा आहे, अंतिम निकाल नव्हे. दक्षिण अमेरिकेत अलीकडे या कुळात शेकडो नवी नावं जाहीर झाली. त्यांतल्या बऱ्याच नावांचा मुख्य आधार बारकोडच होता, आणि त्यांतली किती टिकतील यावर अभ्यासकांत वाद आहे. दिसणं, शरीररचना, बारकोड, अळी, झाड आणि प्रदेश असे अनेक पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हाच वेगळी प्रजाती म्हणणं शोभतं.

दहावा टप्पा: नवी प्रजाती जाहीर करताना

समजा, एखादा पतंग कोणत्याच ज्ञात प्रजातीत बसत नाही. आता अभ्यासकाला आधी जुनी नावं चाळावी लागतात. ब्रिटिश काळात भारतीय पतंगांवर जॉर्ज हॅम्पसन यांचे चार खंड 1892 ते 1896 या काळात आले. त्याच्या आधी आणि नंतरही शेकडो लेख आहेत. जे आपल्याला नवं वाटतं, त्याला दीडशे वर्षांपूर्वीच कोणी नाव देऊन ठेवलेलं असू शकतं.

मग मूळ नमुन्यांशी तुलना. प्रत्येक प्रजातीचा एक नमुना नावाचा आधार म्हणून जपतात. त्याला होलोटाइप म्हणतात. व्यापाऱ्याचं वजन खरं की खोटं हे तपासायला जसं प्रमाणित वजन ठेवलेलं असतं, तसा हा नमुना. नावाबद्दल शंका आली की त्याच्याशीच ताडून पाहायचं. भारतातल्या कित्येक प्रजातींचे मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे तुलनेचं काम लांबतं.

तुलनेतही वेगळेपण टिकलं तर सविस्तर वर्णन लिहितात: मापं, नक्षी, जननेंद्रियांची रचना, सापडण्याचं ठिकाण, जवळच्या प्रजातींपेक्षा वेगळं काय. होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या संस्थेत ठेवला, हे स्पष्ट लिहावं लागतं. त्यानंतर शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्धी. लेख फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघणार असेल, तर 2012 पासूनच्या नियमानुसार त्याची झूबँक या नोंदवहीत नोंद आवश्यक आहे.

आपल्या देशात आणखी एक बंधन आहे. जैवविविधता कायदा 2002 नुसार, नवी प्रजाती सापडली तर ती ठरवून दिलेल्या संस्थेला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ही जबाबदारी 1916 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे. पुण्यात तिचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. अभयारण्यात मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, तुंगारेश्वरसारख्या घराजवळच्या अभयारण्यातही नाही.

अकरावा टप्पा: नाव ठेवणं आणि नाव वाचणं

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीगटाचा, दुसरा त्या प्रजातीचा. दुसरा शब्द ठिकाणावरून, गुणावरून किंवा माणसावरून ठेवता येतो. ठिकाणावरून ठेवला तर शेवटी बहुधा ‘एन्सिस’ येतं. पुरुषाच्या नावाला ‘आय’ हे अक्षर जोडतात, स्त्रीच्या नावाला ‘एई’.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. ठाणे-कल्याण परिसरातून 2021 मध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी प्रजाती जाहीर झाली. अभ्यासकांनी तिचं नाव ठेवलं आयसियस तुकारामी. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवत प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते नाव आहे. आता जगात कुठेही त्या कोळ्याविषयी लिहिलं, तरी त्यांचं नाव सोबत येणार.

शास्त्रीय नावाच्या पुढे ते देणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहितात, आणि कधी ते कंसात असतं. ‘अटॅकस टॅप्रोबॅनिस मूर’ असं कंसाविना लिहितात, कारण मूर यांनी प्रजाती पहिल्यापासून अटॅकस गटातच ठेवली होती. ‘अटॅकस ॲटलास (लिनियस, 1758)’ यात कंस आहे, कारण लिनियसने ती फॅलेना या गटात घातली होती, आजचा गट नंतरचा. कंस पाहिला की नावाचा थोडा इतिहास कळतो.

नावांचे तंटे मिटवायला एक साधा नियम आहे: जे नाव आधी प्रसिद्ध झालं ते खरं. मोजणी सुरू होते 1758 पासून, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. नियम सोपा असला तरी वाद संपतात असं नाही. टसरच्या पतंगाचंच पाहा. लंडनचे चांदीकाम करणारे कारागीर आणि कीटकसंग्राहक ड्रू ड्रुरी यांनी 1773 मध्ये दिलेलं मायलिट्टा हे नाव रेशीम उद्योगात रूढ आहे. पण लिनियसने 1758 मध्येच दिलेलं पाफिया हे नाव याच पतंगाला लागू होतं का, यावर दीर्घ काळ चर्चा झाली. म्हणून काही पुस्तकांत अँथेरिया मायलिट्टा दिसतं, काहींत अँथेरिया पाफिया. दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

मेलेला पतंग सापडला तर

अंगणात मेलेला पतंग सापडला तर तो फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी चढते. पंख मिटवून कागदाच्या त्रिकोणी घडीत ठेवा, घडी कोरड्या डब्यात ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. घडीवर तारीख, गाव, पाडा आणि सापडल्याची जागा पेन्सिलने लिहा. पावसाळी ओलीत शाई फुटते, पेन्सिल टिकते. असा नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेला विचारून देता येतो. 1883 मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीच्या संग्रहात जुने नमुने आजही अभ्यासाला उपयोगी पडतात, ते त्यांच्या चिठ्ठीवरच्या तारखेमुळे आणि गावामुळे.

रात्री स्वतः पतंग पाहायचे असतील तर घराच्या गच्चीवर किंवा शाळेच्या आवारात पांढरी चादर बांधा, तिच्यासमोर दिवा लावा आणि दोन तासांनी बंद करा. अमावास्येच्या आसपासच्या, पावसाची उघडीप असलेल्या रात्री उत्तम. वाघोबा खिंडीसारख्या जंगलाच्या जागी रात्री एकटं जाऊ नका आणि वनविभागाला सांगितल्याशिवाय तर नकोच.

पालघरच्या पतंगांची पक्की यादी अजून घडते आहे. ती दुरून कोणी येऊन पूर्ण करणार नाही. दर पावसाळ्यात इथे दिवा लावणारी, भिंतीकडे लक्ष देणारी माणसं आपणच आहोत. येत्या पावसाळ्यात एक तरी पतंग नीट पाहा, फोटोसोबत तारीख, गाव आणि झाड लिहा, आणि ती नोंद अभ्यासकांपर्यंत पोहोचवा. नाव चुकलं तर नंतर दुरुस्त होतं. न लिहिलेलं ठिकाण मात्र पुन्हा मिळत नाही.